पट्टा हातात घेण्याआधी: थेरपी डॉगबरोबर काम करू पाहणाऱ्या गोव्यातल्या नवख्यांसाठी

"माझा लॅब्रॅडॉर एकदम प्रेमळ आहे, कुणाशीही लगेच दोस्ती करतो. त्याला वृद्धाश्रमात न्यायचं म्हणते. काय करावं लागेल?" असे फोन मला महिन्याकाठी एक-दोन येतात. फोंड्यातून, म्हापशातून, एकदा तर काणकोणहून. विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते. म्हणून फोनवर तासभर जे सांगते ते एकदा नीट लिहून काढते आहे.

माझी अबोली गावठी कुत्री. फोंड्याच्या बाजारामागे सापडली तेव्हा दोन तळहातांत मावत होती. रंग अबोलीच्या फुलासारखा, म्हणून नाव अबोली. तिला घेऊन मी आठ वर्षं विशेष मुलांच्या शाळेत आणि वृद्धाश्रमात गेले. माणसांची परवानगी घ्यायला हवी हे मला आधीपासून ठाऊक होतं. कुत्र्याचीही घ्यावी लागते आणि दर वेळी नव्याने घ्यावी लागते, हे कळायला मात्र तीन वर्षं आणि एक मोठी चूक लागली. ती चूक पुढे येईलच.

पहिली पायरी: आपण नक्की कोण, हे ठरवा

कुत्रा घेऊन जाणं आणि उपचार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस आणि प्राणी यांच्या नात्यावर काम करणाऱ्या संस्थांचा 'आयाहायो' नावाचा आंतरराष्ट्रीय महासंघ आहे. त्यांनी २०१४ साली एक श्वेतपत्रिका काढून या कामाचे प्रकार वेगळे केले. नुसती भेट हा एक प्रकार: कुत्रा येतो, लोक हात फिरवतात, चार घटका बऱ्या जातात. दुसरा प्रकार शिक्षणाचा, ज्यात शिक्षक कुत्र्याला धरून धडा आखतात. तिसरा उपचार. त्यात मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट एका रुग्णासाठी एक उद्दिष्ट ठरवतात, प्रत्येक सत्राची नोंद ठेवतात आणि प्रगती मोजतात.

अर्धांगवायूतून सावरणाऱ्या एका आजोबांच्या हातात थेरपिस्ट ब्रश देत आणि अबोलीच्या पाठीवरून फिरवायला सांगत. आज किती वेळा फिरवला, खांदा किती वर गेला, हे थेरपिस्ट वहीत लिहीत. ती थेरपी. त्या वेळी मी कोण? फक्त हँडलर. माझं काम अबोलीकडे बघण्याचं. आजोबांच्या खांद्यात काय चाललंय ते बघण्याचं नव्हे.

बोरिस लेविन्सन या न्यूयॉर्कच्या बालमानसशास्त्रज्ञाची गोष्ट या क्षेत्रात सगळे सांगतात. कुणाशी बोलत नसलेला एक मुलगा ठरलेल्या वेळेआधीच त्यांच्याकडे पोचला. त्या वेळी त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीत होता, आणि मुलगा त्या कुत्र्याशी मोकळा झाला. लेविन्सननी १९६२ साली यावर लेख लिहिला. ही गोष्ट सांगताना लोक अर्धी सोडून देतात. कुत्रा तिथे योगायोगाने होता, पण लेविन्सन शिकलेले, अनुभवी तज्ज्ञ होते. उपचार त्यांनी केला.

आपल्याकडे या कामासाठी वेगळा सरकारी परवाना नाही. त्यामुळे उद्या कुणीही कार्डावर 'अ‍ॅनिमल थेरपिस्ट' छापू शकतं, आणि छापतातही. तुम्ही छापू नका. रुग्णावर मानसोपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तसंच प्राण्यावर औषधोपचार करण्याचा अधिकार भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. या दोघांच्या मधल्या जागेत तुम्ही उभे आहात. 'कुत्र्यामुळे ऑटिझम बरा होतो', 'बीपीच्या गोळ्या सुटतात' असं काही तुमच्या तोंडून निघता कामा नये. एखाद्या आईने आशेने विचारलं तरी नाही. खरं तर तिने विचारलं तर मुळीच नाही.

दुसरी पायरी: आपला कुत्रा या कामाचा आहे का?

घरात लाडका असलेला कुत्रा या कामाला योग्य असेलच असं नाही, आणि यात त्याचा काही कमीपणाही नाही. परदेशातल्या जुन्या, नावाजलेल्या 'पेट पार्टनर्स' संस्थेच्या नियमात कुत्रा किमान एक वर्षाचा असावा लागतो, आणि तो हँडलरकडे किमान सहा महिने राहिलेला असावा लागतो. मी स्वतः दीड वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबले. पिल्लं गोड दिसतात म्हणून त्यांना नेऊ नका. त्यांचं लसीकरण अर्धवट असतं, दात टोचतात, आणि त्या वयात बसलेली भीती जन्मभर जात नाही.

घरीच काही गोष्टी करून बघा. स्वयंपाकघरात स्टीलचं ताट पडलं की तो दचकतो, ते ठीक. पण किती वेळात सावरतो? काठी टेकत चालणारा माणूस, व्हीलचेअर, जोरात हसणारं मूल, बुरखा घातलेली किंवा हेल्मेट घातलेली व्यक्ती यांच्याजवळ तो स्वतःहून जातो, की तुमच्या पायामागे लपतो? 'स्वतःहून' हा शब्द विसरू नका. तुम्ही ढकलल्यावर गेला तर ते धरायचं नाही. आणि कुणाच्याही अंगावर उड्या मारणारा कुत्रा प्रेमळ असला, तरी ८५ वर्षांच्या आजीचं खुब्याचं हाड मोडू शकतो.

जातिवंत कुत्राच हवा असा एक समज आहे. गोव्याच्या दमट हवेत चपट्या तोंडाच्या पगचा श्वास लागतो, आणि जाड केसांच्या हस्कीचे तर हालच होतात. आपली गावठी कुत्री इथल्या हवेला सरावलेली असतात. स्वभाव शांत असेल तर तिच्यासारखी जोडीदार नाही.

रानटी प्राण्यांचा विचारच नको. 'आमच्याकडे पोपट आहे, मुलांना आवडेल' असं एकांनी सांगितलं होतं. आपला नेहमीचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. तारा कासव, माकड, साप यांचंही तेच. आयाहायोच्या श्वेतपत्रिकेतही या कामात पाळीव प्राणीच असावेत असं स्पष्ट म्हटलं आहे.

तिसरी पायरी: पशुवैद्य आणि कागद

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, आणि आपण कुत्र्याला आजारी माणसांत नेणार आहोत हे त्यांना स्पष्ट सांगा. ते ऐकून डॉक्टर वेगळ्या नजरेने तपासतात.

रेबीजची लस दर वर्षी, तारीख न चुकवता. गोव्यात गेली कित्येक वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांना जाळीत धरून लस टोचणारी पथकं फिरताहेत. सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांच्या या मोहिमेतूनच २०२१ साली गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर झाला. त्या मेहनतीवर विसंबून आपल्या कुत्र्याचं कार्ड कोरं ठेवायचं नाही. संस्थेत कार्डाची प्रत द्या, मूळ कार्ड पिशवीत ठेवा.

लेप्टोची लसही तितकीच महत्त्वाची. पावसाळ्यात उंदराच्या मुताने दूषित झालेल्या डबक्यातून हा रोग कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या अंतराने द्या. किनाऱ्यावर मोकळ्या सुटणाऱ्या कुत्र्यांत अंकुशकृमी असले, की त्यांच्या अळ्या वाळूतून माणसाच्या कातडीत शिरतात आणि वेडीवाकडी लाल रेघ उठते. गोचीड, खरूज, गजकर्ण यांतलं काहीही दिसलं की काम बंद, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत. आमची सत्रं गुरुवारी असायची; जून ते सप्टेंबर निम्मे गुरुवार यातच जायचे.

कच्चं मांस खाणारा कुत्रा वृद्धाश्रमात किंवा इस्पितळात नेऊ नये. त्याच्या लाळेतून आणि विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू पसरतात, आणि तिथल्या माणसांची प्रतिकारशक्ती आधीच कमी असते. माजावर आलेली, गाभण किंवा पिल्लांना पाजणारी कुत्री घरीच बरी.

चौथी पायरी: कुत्र्याचं 'नको' वाचायला शिका

इथे घाई करू नका. पहिल्या तीन पायऱ्या महिन्याभरात होतील. ही शिकायला वर्ष लागतं, आणि शिकून संपत नाही.

अबोलीला एखादी गोष्ट नको असली की ती आधी जीभ नाकावरून झटकन फिरवते. समोर खाऊ नसताना. इतकं पटकन, की फोनमध्ये बघत असाल तर दिसणारच नाही. मग मान वळवते, अंग तिथेच, तोंड भिंतीकडे. मग जांभई. झोपेची जांभई सैल असते. ही तोंड ताणून दिलेली, शेवटी बारीक कूं करत. त्यानंतर डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी कोर दिसायला लागते, कारण तोंड एकीकडे आणि नजर दुसरीकडे असते. अंग कोरडं असताना ती आंघोळ झाल्यासारखी झाडते. पंखा चालू असूनही धापा टाकते. शेपूट पोटाखाली जाते. सगळ्यात शेवटी ती थिजते. हालचाल बंद, तोंड मिटलेलं. बघणाऱ्याला वाटतं, किती शांत कुत्री! ही शांतता सगळ्यांत धोक्याची. त्यानंतर गुरगुर येते, आणि गुरगुर कुणी ऐकली नाही तर दात.

तिसऱ्या वर्षी एका संस्थेत कार्यक्रम होता. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. पाहुणे आले होते, फोटोग्राफर होता, एरवी पाच-सहा मुलं असायची तिथे तीसेक जमली होती. अबोलीने जीभ फिरवली, मी पाहिली. मान वळवली, तीही पाहिली. मग जांभई दिली, तीही. मी तिच्या कानात म्हटलं, "पाचच मिनिटं गं." एका मुलाने प्रेमाने तिच्या गळ्याला मिठी मारली. ती थिजली. मी पट्टा उचलेपर्यंत ती गुरगुरली. चावली नाही. पण तो मुलगा तिच्याशी गाणी म्हणायचा, तो रडत मागे सरला आणि पुढचे दोन महिने खोलीत आलाच नाही. तिथल्या एकांनी तिला मारायला हात उगारला. मी मध्ये पडले, कारण गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही शिक्षा करायची नसते. गुरगुर दाबली की पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. तिने चार वेळा सांगितलं होतं. माझ्या कानात पाहुण्यांच्या टाळ्या होत्या.

त्यानंतर मी दोन नियम केले.

पहिला तिनाचा. तीन सेकंद कुरवाळायचं, हात काढायचा आणि थांबायचं. कुत्रा पुढे सरकला, हाताखाली डोकं घातलं, तर पुन्हा तीन सेकंद. मागे झाला, तर आज नको. मुलं मोठ्याने मोजतात, "एक, दोन, तीन." वाचा फारशी नसलेली मुलंही बोटं दाखवून मोजतात. शाळेतल्या टीचर म्हणाल्या, आमची मुलं आता एकमेकांनाही असंच विचारतात, हात लावण्याआधी.

दुसरा चटईचा. निळ्या काठाची एक चटई आम्ही सगळीकडे नेतो आणि दाराजवळ अंथरतो. अबोली चटईवर गेली की तिच्याकडे कुणीही जायचं नाही. संस्थेच्या संचालकांनीही नाही, आणि मीही नाही. दाराजवळच, कारण तिला बाहेरची वाट दिसायला हवी.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या सुखासाठी सर्व वाजवी उपाय केले पाहिजेत असं म्हटलं आहे. तिथे फक्त मारहाणीचा विचार केलेला नाही. पट्टा तुमच्या हातात आहे तोवर ते कलम तुम्हाला लागू आहे, मग आजूबाजूला कितीही टाळ्या पडोत.

पाचवी पायरी: संस्थेत आधी एकट्याने जा

पहिल्या दोन भेटी कुत्र्याविना करा. नव्या लोकांना हे पटत नाही, पण मी आग्रह धरते. बसायची खोली कुठली, फरशी घसरती आहे का, स्वयंपाकघर किती जवळ, जिना किती, आवारात मोकळी कुत्री आहेत का, पाणी कुठे, कुत्र्याला लघवीला कुठे न्यायचं, हे सगळं बघून या. माणसंही तुम्हाला तुमच्या नावाने ओळखू देत, नुसती कुत्रेवाली म्हणून नको.

मग एक कागद करा. दोन पानं पुरे. किती वाजता, किती वेळ, एका वेळी किती माणसं (आम्ही सहाच्या वर कधी गेलो नाही), कुणाला अ‍ॅलर्जी आहे, कुणाला दमा आहे, कुणाची जखम उघडी आहे, कुणाला लहानपणी कुत्रा चावला आहे. सत्रभर संस्थेचा एक कर्मचारी खोलीत असलाच पाहिजे, ही अट ठळक अक्षरांत. मुलांबरोबर तर एकट्याने कधीच थांबू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही. इस्पितळात जायचं असेल तर संसर्ग नियंत्रण समितीची लेखी परवानगी आधी घ्या. वॉर्डातल्या ओळखीच्या नर्सने 'या हो' म्हणणं पुरत नाही.

संमती प्रत्येकाची वेगळी. मुलांसाठी पालकांची सही लागते, पण सही असली तरी त्या दिवशी मुलाला नको असेल तर नको. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना प्रत्येक गुरुवारी नव्याने विचारायचं, कारण त्यांच्यासाठी प्रत्येक गुरुवार पहिलाच असतो. आमच्या एक आजी दर वेळी कोकणीत विचारायच्या, "चाबना मूं?" मी कधीच "नाही हो, कधीच चावत नाही" असं म्हटलं नाही. दात असलेल्या कुठल्याही जिवाची तशी हमी देता येत नाही. मी सांगायचे, "आजपर्यंत चावली नाही, पट्टा माझ्या हातात आहे, तुम्हाला नको असेल तर आम्ही दारातच थांबू." कधी दारात थांबायचो, कधी त्या पाटावर थापटून बोलवायच्या.

एखादे आजोबा नुकतेच देवपूजा आटोपून बसलेले असतात, त्यांना कुत्र्याची शिवाशिव नको असते. एखाद्या मुस्लिम घरातल्या काकांना लाळ लागलेली चालत नाही, नमाजाआधी धुवावं लागतं. त्यांची समजूत घालत बसू नका. 'एकदा हात तर लावून बघा' हे वाक्य या कामातून कायमचं काढून टाका. लांबून बघण्यातही काहींना आनंद असतो.

सहावी पायरी: भेटीचा दिवस

आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी आंघोळ, नखं कापलेली, कान साफ. सुगंधी शाम्पू नको. पट्टा छोटा, सहा फुटांच्या आतला. लांब सुटणारा चक्रीचा पट्टा अजिबात नको. पिशवीत घरचं पाणी, वाडगा, चटई, टॉवेल, विष्ठेच्या पिशव्या आणि सॅनिटायझर. कुत्र्याला हात लावण्याआधी आणि नंतर प्रत्येकाने हात धुवायचे, आणि हे तुम्ही उभं राहून करून घ्यायचं. तोंड चाटू द्यायचं नाही. पलंगावर घ्यायचंच असेल तर आधी वेगळी चादर अंथरा, ती नंतर धुवायला टाका.

उन्हाळ्याबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण इथे जीव जाऊ शकतो. आपल्याकडे पारा फार चढत नाही, ३३-३४ च्या घरात असतो, म्हणून आपण गाफील राहतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरचं पाणी हवेत उडवून अंग थंड करतो. हवेतच दमटपणा ठासून भरलेला असेल तर ते पाणी उडत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या पुढे गेलं की धोका सुरू. मार्च ते मे सत्र सकाळी साडेआठला, दहाच्या आत घरी. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू ठेवून सात सेकंद मोजा. तुम्हाला भाजलं तर त्याच्या पंजालाही भाजेल. बंद गाडीत 'दोन मिनिटं' सोडून भाजी घ्यायला उतरायचं नाही.

पेट पार्टनर्सच्या नियमात दिवसाला दोन तासांची मर्यादा आहे. ती वरची मर्यादा आहे, रोज गाठायचं उद्दिष्ट नाही. आमची सत्रं ४० मिनिटांची, आठवड्यातून एकदा. एका सकाळी दोन संस्था उरकणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या कुत्र्यांच्या जांभया कुणीतरी मोजायला हव्यात.

सणांचा हिशोब धरा. चवथीचे फटाके, नरकासुराची रात्र, शिगम्याचे ढोल. नरकासुर जाळण्याच्या रात्री आमच्या वाड्यावर पहाटेपर्यंत डीजे असतो आणि अबोली न्हाणीघरात जाऊन बसते. पुढचे तीन दिवस सत्र नाही. संस्थेला वर्षाच्या सुरुवातीलाच ही यादी देऊन ठेवते.

सातवी पायरी: फोटो, गुपितं आणि पैसे

गोवा लहान आहे. फोंड्यात सकाळी बोललेलं दुपारच्या जेवणापर्यंत वाळपईत पोचतं. वृद्धाश्रमात कुणाची आई आहे, शाळेत कुणाचा मुलगा आहे, हे तुमच्या तोंडून बाहेर पडलं की एखाद्या घराची अब्रू चव्हाट्यावर येते. मी वहीत नावं लिहीत नाही, आद्याक्षरंही नाही. 'खिडकीजवळची आजी', 'गाणारा मुलगा', एवढंच.

फोटोचं सगळ्यात कठीण. कुत्रा आणि मूल असा फोटो टाकला की लाइक्सचा पाऊस पडतो, संस्थेलाही तो हवा असतो. पण बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ ची मनाई आहे. आणि मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ची. मी फक्त अबोलीचे फोटो टाकते. फार तर एखाद्याचा हात, तोही विचारून.

गुपित राखायचं याला एक अपवाद आहे. मुलं कुत्र्याच्या कानात बोलतात, आणि कधी असं काही बोलतात की आपल्या पोटात गोळा येतो. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याची शंका आली तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'मी तर फक्त कुत्रा घेऊन येते' ही सबब तिथे चालत नाही. मुलाची उलटतपासणी करू नका, वचनं देऊ नका. जे ऐकलं ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि त्याच दिवशी कळवा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनही आहे.

पैसे घेण्यात काही वाईट नाही, मात्र आधी सांगून, पावती देऊन. आजींनी हातात कोंबलेली नोट घ्यायची नाही. काजूची पुडी दिली तर ती सगळ्यांत वाटायची. संस्थेत कुत्र्याची पिल्लं, खाद्य, मालिशचं तेल, काहीही विकायचं नाही. आणि किनाऱ्यावरून बोलावणी येतील: पाहुण्यांच्या योगासनांत पिल्लं सोडा, लग्नात थेरपी डॉग आणा. पैसा चांगला असतो. तिथे प्राण्याचं 'नको' ऐकायला कुणालाच सवड नसते, म्हणून मी जात नाही.

आठवी पायरी: काही झालंच तर

दात किंवा नख लागलं, कितीही बारीक, तर सत्र तिथेच थांबवा. कुत्र्याला खोलीबाहेर न्या. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. कुत्र्याला लस दिलेली असली तरी माणसाला डॉक्टरकडे न्यायचंच; पुढचं ते ठरवतील. कुत्रा १० दिवस निरीक्षणाखाली ठेवायचा आणि पशुवैद्याला कळवायचं. संस्थेच्या नोंदवहीत वेळ, जागा, कोण हजर होतं आणि आधी काय दिसलं, हे सगळं लिहायचं. 'आधी काय दिसलं' हा रकाना प्रामाणिकपणे भरा. तिसऱ्या वर्षीच्या त्या कार्यक्रमानंतर मी त्यात लिहिलं: जीभ, मान, जांभई, थिजणं, हँडलरने पाहिलं, थांबवलं नाही.

खर्च कुणी करायचा हे पहिल्या दोन पानांच्या कागदातच ठरलेलं असावं. तिऱ्हाइताला झालेली इजा भरून देणारा विमा मिळतो का, हे तुमच्या विमा एजंटला विचारा.

नववी पायरी: निवृत्ती

ही पायरी पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा, नाहीतर ती येते तेव्हा दिसत नाही. कुत्रा कधी थांबणार हे संस्थेच्या गरजेवर ठरवायचं नाही.

गुरुवारी सकाळी मी तिचा कामावरचा निळा रुमाल काढला की अबोली दाराशी येऊन उभी राहायची. गेल्या आषाढात एका गुरुवारी तिने मान उचलली, रुमालाकडे बघितलं आणि पुन्हा पंजांवर ठेवली. पुढच्या गुरुवारीही तेच. डॉक्टरांनी कंबरेचा एक्स-रे काढला, थोडी झीज निघाली. गोळ्यांनी ती चालायला लागली, पण रुमालाला उठली नाही. मी संस्थांना फोन केला.

फोनवर संपवू नका, जाऊन सांगा. अचानक येणं बंद केलं तर मुलांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. खरं कारण सोप्या शब्दांत सांगा. कुत्रा गेला असेल तर 'गावी गेला' म्हणू नका, गेला म्हणा. मी शाळेत दोनदा गेले, एकटी. पहिल्यांदा सांगायला, दुसऱ्यांदा प्रश्न ऐकायला, कारण प्रश्न आठवड्याने येतात. गाणाऱ्या त्या मुलाने विचारलं, आता ती दिवसभर काय करते. मी म्हटलं, "झोपते. सकाळी ओसरीवर ऊन येतं, तिथे."

"चटईवर?"

"हो, चटईवरच."

"मग तिला कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.